रोटाच्या दिवसांतली गोळी

माझा भूपेंद्र रक्ताचा डॉक्टर. म्हणजे सुया टोचणारा नाही हं, संशोधन करणारा. सुरतेतल्या पांडेसऱ्याच्या ज्या खोलीत कपड्यांनासुद्धा मिलच्या रंगाचा वास यायचा, तिथे बसून शिकला पोरगा. मला कौतुक नसेल तर कोणाला असेल?

त्याचं सगळं काम प्लेटलेटवर. मी एकदा म्हटलं, "अरे, मला कळेल असं सांग की!" तर म्हणाला, "माय, रक्तात बारीक टिकल्या असतात. कुठं कापलं की धावत येऊन एकमेकींना चिकटतात अन्‌ रक्त थांबवतात. पण हृदयाच्या नळीत चिकटल्या तर माणूस जातो. त्यावरची गोळी त्यांना चिकटू देत नाही. मात्र टिकली जगते आठ-दहा दिवस, रोज नव्या येतात. म्हणून गोळी रोज घ्यायची." किती कमी गोळीत भागतं, हेच तो सुरतेच्या प्रयोगशाळेत शोधत होता.

त्याच्या आप्पांना, म्हणजे आमच्या ह्यांना, हृदयाचा पहिला झटका आला तेव्हापासून ती इवलीशी गोळी आमच्या घरात आली. सकाळी चहाआधी मीच हातावर ठेवायची. वर्षभर काही कुरकुर नाही. रंगखात्यात पुन्हा कामालाही जायला लागले.

मग श्रावणात घरात कानबाई देवी बसली. आम्ही खान्देशातली माणसं, गाव सुटलं पण कानबाई सुटली नाही. घरातल्या पुरुषांच्या नावानं मुठी मोजून गहू घ्यायचे, त्याचे नैवेद्याचे रोट भाजायचे, अन्‌ पुनवेच्या आत भाऊबंदांनीच ते संपवायचे. आमच्या ह्यांचं त्यात भारी कडक. रोट सरेपर्यंत रोटाशिवाय बाहेरचं काही तोंडात घालणार नाहीत, चहासुद्धा नाही.

पहिल्याच सकाळी म्हणाले, "आता गोळी नको. रोट सरू दे."

"डोकं ठिकाणावर आहे का?" मी अशी कडाडले की शेजारची सखुबाई दारात आली. "पोरगा रात्रंदिवस कशासाठी मरतोय? गिळा मुकाट्यानं!"

त्यांनी गोळी घेतली, वर पाणी प्यायले. पुढंही रोज घेतली. मला वाटलं, जिंकले मी.

रोट संपले त्याच दिवशी मिलमध्ये छातीला हात लावून खाली बसले. दवाखान्यात पोचेपर्यंत खेळ खलास. माझा माणूस गेला हो! भूपेंद्र वेड्यासारखा एकच म्हणत होता, "गोळी चालू असताना असं कसं झालं?"

दिवस झाल्यावर त्यांचा सदरा धुवायला घेतला. खिशात गोळ्या. पाण्याचा घोट तेवढा खरा होता. मी तिथंच मोरीत बसून त्यांना शिव्या दिल्या, रडले, पुन्हा शिव्या दिल्या. भूपेंद्रनं गोळ्या हातात घेतल्या. "माय, एवढ्यांचं रक्त तपासलं मी," तो म्हणाला. "आपल्या घरचे रोट मीही खात होतो. पण रोटात गोळी चालते का, हे आप्पांना एकदा विचारलं नाही." अन्‌ माझ्या मांडीत तोंड खुपसून लहानपणासारखा रडला.

यंदा कानबाई बसली. ह्यांचे चुलतभाऊ निंबाभाऊजीही हीच गोळी घेतात. गोळ्यांची पट्टी मी सरळ देवीसमोर रोटांशेजारी ठेवली. म्हटलं, "आईच्या पायाशी होती, आता ही बाहेरची नाही. घ्या भाऊजी."

"घेतो नंतर," भाऊजी म्हणाले.

"नंतर नाही. आत्ता, माझ्यासमोर."

त्यांनी गोळी तोंडात टाकली, पाणी प्यायले.

"आता आ करा."

"वहिनी, मी काय लहान पोर आहे?"

"आ करा म्हणते ना!"

सगळे हसायला लागले. भाऊजींनी मोठा आ केला, जीभ वर केली, काही नव्हतं. भूपेंद्र मात्र हसला नाही. त्यानं येऊन माझा हात धरला. गहू मोजताना यंदा पहिल्यांदाच मी आप्पांच्या नावाची मूठ घेतली नव्हती, ते त्यानं पाहिलं होतं.