अर्धा टेस्टर

यंत्र निवडण्याआधी माणसानं स्वतःचा स्वभाव तपासून घ्यावा, हे मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं. सांगितलं असतं तरी मी ऐकलं नसतं, ही गोष्ट वेगळी.

मी एका दवाखान्याचं नेटवर्क सांभाळतो. इमारतीतले संगणक एकमेकांशी बोलत राहतील हे बघायचं, आणि गावाच्या दुसऱ्या टोकाला आमची जी छोटी शाखा आहे तिच्यापर्यंतची लाइन चालू राहील हेही बघायचं. काम असं, की सगळं सुरळीत असलं तर कुणाला माझी आठवण येत नाही आणि बंद पडलं की जो तो माझ्या नावानं शंख करतो. अशा माणसाला आपल्याकडे नेटवर्क तपासणारं एखादं मोठं, लखलखीत अ‍ॅनालायझर असावं असं वाटलं तर नवल नाही. मला ते लग्नाआधीपासून वाटत होतं. घरी कपाटाचा एक अख्खा कप्पा माझ्या बारीकसारीक यंत्रांनी भरलेला आहे. "एवढी यंत्रं घरात, आणि स्वयंपाकघरातला दिवा बदलायला शेजारचे काका," असं बायको पाहुण्यांना सांगते. पाहुणे हसतात. मीही हसतो, कारण ते खरं आहे.

शाखेत एक्स-रेची खोली आहे आणि ती माझी ताई चालवते. सख्खी, मोठी. आई गेल्यावर माझे शाळेचे डबे तिनं भरले आणि माझ्या पालकसभेलाही तीच यायची, तेव्हा ती स्वतः शाळेत होती. तिनं काढलेला फोटो लाइनवरून आमच्याकडे येतो आणि इथले डॉक्टर तो बघून अहवाल देतात. गेले काही आठवडे हे फोटो मध्येच अडकायला लागले होते. कधी झटकन यायचे, कधी अर्धे येऊन थांबायचे, आणि तिकडे रोगी बाकावर ताटकळायचे. शेवटी मोठ्या मॅडमनी, म्हणजे आमच्या दवाखान्याच्या प्रमुखांनी, सांगून टाकलं: असंच चालणार असेल तर महिनाअखेरच्या बैठकीत ती खोली बंद करू, रोग्यांना सरळ इकडे पाठवू. खोली बंद म्हणजे ताईची नोकरी बंद. इकडे त्या कामाला एकही जागा रिकामी नव्हती.

ताईचा फोन आला.

"तू एकदा येऊन बघ ना रे."

"अगं, हल्ली जावं लागत नाही," मी म्हणालो. "योग्य यंत्र असलं की बसल्या जागी सगळं दिसतं."

"मग दिसतंय का?"

"यंत्र यायचंय अजून."

तिनं फोन ठेवला. उंटावरून शेळ्या हाकण्याची मला इतकी सवय झाली होती, की शाखेचं तोंड बघून वर्ष उलटलं होतं. ताईच्या घरीही गेलो नव्हतो. कामं असतात, असं मी सांगायचो. कामं असायचीही, पण एवढी नाही.

मॅडमनी एक टेस्टर घ्यायला परवानगी दिली. "एकच. निवडायचा तुम्ही, आणि बैठकीत आम्हाला पटवून द्यायचं." मी छाती फुगवून बाहेर आलो. आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला निवडायला सांगत होतं. लग्नातसुद्धा निवड बायकोनंच केली होती.

पहिला विक्रेता आला तो पिशवीवाला. त्यानं कापडी पिशवीतून दोन तुकड्यांचा टेस्टर काढला. एक तुकडा वायरच्या या टोकाला लावायचा, दुसरा त्या टोकाला. आतल्या आठ तारा शाबूत असतील तर आठ दिवे ओळीनं लागतात. संपलं.

"हे म्हणजे लिंबूटिंबू झालं हो," मी म्हणालो. "आमचं प्रकरण मोठं आहे."

"असेल," तो म्हणाला. "पण नमुना राहू द्या." मी तो खणात टाकला.

दुसरा आला टायवाला. त्यानं दोन यंत्रं आणली होती. थोरलं सुटकेसएवढं, धाकटं डब्याएवढं. थोरलं इथं बसवायचं, धाकटं शाखेत. मग थोरलं लाइनवरून धाकट्याकडे माहितीचा लोंढा सोडतं आणि त्यातला किती पोचला ते मोजतं. शिवाय लाइनवर कोण किती बोलतंय याचा रंगीत तक्ता पडद्यावर. माझ्या तोंडाला पाणी सुटलं. टायवाला म्हणाला, "साहेब, बैठकीपर्यंत वापरून बघा," आणि साहेब म्हटल्यावर माझी उरलीसुरली अक्कलही त्याच्या बाजूला गेली.

धाकटं मी रुग्णवाहिकेच्या ड्रायव्हरबरोबर पाठवून दिलं. शाखेतल्या नेटवर्कच्या कपाटात कुठं खोचायचं ते ताईला फोनवर सांगितलं.

"तूच का नाही आलास घेऊन?"

"थोरल्याजवळ कुणी बसायला नको का?"

"बस," ताई म्हणाली. "थोरल्याजवळ बस."

टोमणा कळायला मला दोन दिवस लागले. त्या क्षणी मी पडद्यावरची यादी वाचत होतो. चाचणी किती वेळ? एकदा, ठरावीक काळ, की सतत. वेग किती? हळू, मध्यम, की पूर्ण. हौसेला मोल नसतं. मी 'सतत' निवडलं आणि 'पूर्ण' निवडलं.

दुसऱ्या दिवशी शाखेतून एकही फोटो आला नाही. अर्धासुद्धा नाही. ताईचे फोनवर फोन. आणि मला, सांगायला लाज वाटते, आनंद झाला. थोरल्याच्या पडद्यावर लाइन काठोकाठ भरलेली, लालभडक दिसत होती. इतके आठवडे मी म्हणत होतो ना, दोष लाइनवाल्या कंपनीचा आहे? हा घ्या पुरावा. मी कंपनीच्या माणसाला फोनवर फैलावर घेतलं. तो शांतपणे म्हणाला, की लाइन ठीक आहे, तुमच्याच बाजूनं काहीतरी खूप येतंय. "नाचता येईना अंगण वाकडं," असं मी त्याला ऐकवलं आणि फोन ठेवला. ही म्हण मी कुणाला ऐकवली, याचा विचार आला की आजही कानशिलं गरम होतात.

बैठकीला मी थोरल्याला घेऊनच गेलो. टेबलाच्या मधोमध ठेवलं, झाकण उघडलं. मॅडम, अहवाल देणारे डॉक्टर आणि कोपऱ्यात टायवाला. मी आलेख दाखवले. डॉक्टरांनी मान हलवली.

"चित्र स्पष्ट आहे," मॅडम म्हणाल्या. "लाइन इतकी वाईट असेल तर खोली बंद केलेलीच बरी. आणि हे यंत्र उपयोगी दिसतंय, घेऊन टाका."

माझं थोरलं मंजूर झालं होतं. मी शेवटचा तक्ता मिटायला हात पुढे केला. लाइनवर सर्वांत जास्त कोणती यंत्रं बोलतायत, त्यांचे नेटवर्कवरचे क्रमांक तिथं ओळीनं होते. यादीतल्या पहिल्यानं बाकी सगळ्यांना बोलूच दिलं नव्हतं. त्याचा क्रमांक कुठंतरी पाहिल्यासारखा वाटला. तो माझ्याच अक्षरात, थोरल्याच्या झाकणावर मीच चिकटवलेल्या पट्टीवर लिहिलेला होता.

काखेत कळसा आणि गावाला वळसा. लाइन माझ्याच यंत्रानं तुंबवली होती, आणि ती लाइन कशी तुंबली आहे हे तेच यंत्र मला रंगीत आलेख काढून दाखवत होतं.

कुणी काही विचारलं नव्हतं. टायवाल्याच्या मात्र लक्षात आलं असावं. तो उठला आणि हळूच झाकण खाली करायला लागला. मी गप्प राहिलो असतो तर यंत्र माझं होतं. मला ताईचं "बस" आठवलं आणि मी झाकण पुन्हा वर केलं.

"मॅडम, एक मिनिट," मी म्हणालो. "लाइन वाईट नाही. ती मीच भरली."

"म्हणजे?"

"हे यंत्र सतत चालू ठेवलं होतं. पूर्ण वेगानं. यात दिसतंय ते सगळं ओझं याचंच आहे."

डॉक्टर आधी हसले. "म्हणजे ताप बघायला थर्मामीटर लावला आणि तापही थर्मामीटरचाच!" मग टायवाला सोडून सगळे हसले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. मॅडम मात्र लवकर थांबल्या.

"पण फोटो त्याआधीपासून अडकतायत. तो दोष कुठं आहे?"

"माहीत नाही."

"तिथं गेल्यावर काय दिसलं?"

"मी गेलो नाही."

"एवढ्या दिवसांत?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. त्यावर तेच यंत्र होतं.

"खोलीचा निर्णय उद्या," मॅडम म्हणाल्या. "आज जा."

थोरलं बंद केलं, खणातलं लिंबूटिंबू खिशात घातलं आणि त्याच रुग्णवाहिकेत पुढं बसलो. ड्रायव्हर म्हणाला, "आज डबा नाही पाठवायचा?" मी म्हणालो, "आज मीच डबा." तो वाटभर हसत होता.

ताई एक्स-रेच्या खोलीत होती. केस पिकले होते तिचे. मला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगणार तरी कोण? तिनं मला बघितलं आणि म्हणाली, "वाट सापडली?" मी खाली वाकून खोलीपासून कपाटापर्यंतची वायर शोधायला लागलो.

टेस्टरचा लहान तुकडा कपाटातल्या टोकाला लावला, मोठा खोलीतल्या. आठही दिवे ओळीनं लागले. वायर धडधाकट. मी घामाघूम. एवढी नाचक्की करून घेतली आणि इथंही काही नाही! तेवढ्यात ताईनं पुढच्या रोग्याला आत घेतलं आणि सवयीनं ते शिशाचं जड दार ओढून घेतलं. चौथा दिवा गेला.

"ताई, दार उघड."

चौथा दिवा आला.

"लाव."

गेला.

"खेळतोयस का?" ताई म्हणाली.

मध्यंतरी फरशी नवी घातली तेव्हा कुणीतरी वायर दाराच्या चौकटीतून ओढून घेतली होती. दार लागलं की वायर चेपायची आणि आतली तार सुटायची. फोटो तर दार लावूनच काढायचे. पाठवताना दार उघडलेलं असलं तर फोटो पोचायचा, लावलेलंच असलं तर अडकायचा. हे बघायला डोळे लागत होते, आणि ते इथं असायला हवे होते. मी नवी वायर चौकटीच्या वरून नेली. ताईनं दार लावून फोटो पाठवला. दवाखान्यातून डॉक्टरांचा फोन लगेच आला, की फोटो पोचला.

"खोली राहील ना?" ताईनं विचारलं. आवाज अगदी साधा होता. पुढच्या रोग्याचा कागद मात्र तिनं उलटा धरला होता, आणि ते बघून मला रडू आलं. मी आवरलं नाही.

"राहील. चुकलो गं मी."

"ते मला माहितेय," ती म्हणाली. "खुर्चीवर बस आधी. खाली फरशी गार आहे."

निघताना मी टेस्टर खिशात घालायला गेलो. तिनं लहान तुकडा माझ्या हातातून घेतला आणि आपल्या खणात टाकला.

"अगं, दोन्ही तुकडे असल्याशिवाय तो चालत नाही."

"माहितेय. आताच बघितलं मी."

दुसऱ्या दिवशी मी बैठकीत लिंबूटिंबू निवडलं. दुसरा तुकडा कुठं आहे असं मॅडमनी विचारलं, तेव्हा शाखेत असं सांगितलं. त्यांनी पुढं विचारलं नाही. आता इथं एखादी वायर तपासायची असली की आधी ताईकडे जावं लागतं. यापेक्षा गैरसोयीची पद्धत कुठल्याच दवाखान्यात नसेल.

गेल्या आठवड्यात एकही वायर बिघडली नाही. मी दोनदा जाऊन आलो.