स्पिरिटातली सुई

हे कुणाला खरं वाटणार नाही, पण बहात्तरच्या दुष्काळात माणसांचं रक्त इतकं घट्ट झालं होतं, की पिचकारीचा दट्ट्या मागे ओढताना मला भिंतीला पाय लावावा लागायचा.

"मागल्या खेपेला खुर्चीला पाय लावला हुता," गोरक्षनाथ म्हणाला. हा आमचा शेजारी. माझ्या ओट्यावर रोज येतो आणि माझी प्रत्येक थाप तारीखवार ध्यानात ठेवतो.

"खुर्ची मोडली, म्हणून भिंत."

ओट्यावरची चार माणसं हसली. माझी बायको चांगुणा उंबऱ्यात सूप घेऊन ज्वारी निवडत होती. ती हसली नाही. बत्तीस वर्षं ऐकतेय बिचारी. कोणत्या गोष्टीत कुठे हसायचं ते तिला पाठ आहे, त्यामुळे हसायचे कष्ट ती घेत नाही.

मी मच्छिंद्र कंपाउंडर. खडकदऱ्याच्या सरकारी दवाखान्यात मी बत्तीस वर्षं काढली, आणि मागच्या दिवाळीला निवृत्त झालो. रक्त काढणं हा आमचा घरचाच धंदा. आजोबा जळवा लावायचे. त्यांच्या जळवा हाकेला ओ द्यायच्या. एकदा मामलेदाराच्या पोटरीला लावलेली जळू तासाभराने उपाशीच परत आली. साहेबाच्या अंगात काही सापडलंच नाही म्हणे. माझा बाप तुंबडी लावायचा. कातडीवर बारीक चीर द्यायची, वर शिंग टेकवायचं आणि दुसऱ्या टोकाने तोंडाने ओढायचं. बापाने दमदार ओढ घेतली की समोरचा माणूस वीतभर बुटका होऊन घरी जायचा. आणि मी तिसरा, काचेच्या पिचकारीवाला. डोळे बांधा, अंधारात ठेवा, शीर मला सापडणारच. एकदा कडब्याच्या गंजीत हात घातला तर नाडी लागली. उपसून बघतो, तर आत हा गोरक्षनाथ झोपलेला.

"ते मातर खरं हाय," गोरक्षनाथ म्हणाला. "बायकूशी भांडून गेल्तो."

तर सांगायचं काय, की आजोबा-बापाच्या वेळी रक्त काढायला फक्त हिंमत लागायची. आमच्या वेळी कागद लागायला लागला. दवाखान्यातल्या कपाटाच्या दारावर आतून एक परिपत्रक चिकटवलेलं होतं. पोलिसांनी एखाद्याला दारूच्या संशयावरून आणला, तर रक्त कसं काढायचं, त्याचं. ते मला आजही तोंडपाठ आहे. रक्त डॉक्टरनेच काढायचं. पिचकारी आणि सुई उकळत्या पाण्यातून काढलेली पाहिजे. दंड स्पिरिटने पुसायचा नाही, त्यातली दारू रक्तात उतरते; उकळून गार केलेल्या पाण्याने पुसायचा. बाटलीला लाख लावून सील करायचं, आणि हे सगळं मी माझ्या हाताने केलं, असं डॉक्टरने फॉर्मवर लिहून सही करायची. नियम करणारा माणूस शहाणा होता. फक्त त्याच्या गावाला पाणी असणार.

त्या उन्हाळ्यात आमच्याकडे विहिरींचे तळ खरवडून झाले होते. अर्धं गाव खडी फोडायला दुष्काळी कामावर, आणि अर्धं गाव हंडे घेऊन रस्त्याच्या कडेला. आठवड्यातून दोनदा टँकर यायचा. दवाखान्याचा रांजणही त्यातूनच भरायचा. तीन आठवडे मी पिचकाऱ्या उकळल्या नव्हत्या. मोठ्या तोंडाच्या बरणीत स्पिरिट भरायचं आणि सुया-पिचकाऱ्या त्यात बुडवून ठेवायच्या. टोचणीला ते चालायचं. कोणी मेलं नाही.

टँकर चालवायचा फक्रुद्दीन. श्रीगोंद्याकडचा, पस्तिशीचा, उभट चेहऱ्याचा माणूस. हंडा घेऊन म्हातारी दिसली की खाली उतरून स्वतः पाइप धरायचा. त्या दिवशी खडकदऱ्याच्या वळणावर बायका टँकरच्या पुढे धावल्या. रोजच धावायच्या, जिचा हंडा पहिला, तिला पाणी जास्त. त्यांना वाचवायला फक्रुद्दीनने गाडी कडेला घेतली, कडेचा मुरूम ढासळला, आणि टँकर आडवा झाला. खाली म्हातारी गोजरबाई सापडली. तिच्या हातात रिकामी घागर होती.

मी दवाखान्यातून धावत गेलो, तेव्हा पाणी उतारावरून वाहून चाललं होतं. बायका लुगड्याचे पदर त्या चिखलात बुडवून हंड्यात पिळत होत्या. गोजरबाईपासून दोन हातांवर तिची सख्खी जाऊ पदर पिळत होती. ती रडत होती, पण पिळायची थांबत नव्हती.

"हे सांगू नका," ओट्यावरचं कुणीतरी म्हणालं.

बरं, नाही सांगत.

लोकांनी फक्रुद्दीनला केबिनमधून ओढला. "पिऊन चालवतोय, पिऊन चालवतोय" असं एकाने म्हटलं आणि मग सगळेच म्हणायला लागले. रंगनाथ हवालदार कामावरच्या बंदोबस्तातून धावत आला, त्याला कसाबसा सोडवून दवाखान्यात घेऊन आला आणि आतून अडसर लावला. बाहेर दगड पडायला लागले.

"मच्छिंद्र, बिगीनं रगत काढ," रंगनाथ म्हणाला. "कागुद झाला की याला जीपमदी घालून पारनेरला न्हेतो. हितं ठिवला तर ह्ये लोक जित्ता सोडायचे न्हाईत."

"डॉक्टर न्हाईत. कॉलऱ्याच्या टोचणीला गेलेत. उद्या येतील."

"उद्यापातुर ह्यो ऱ्हाईल का?"

डॉक्टर दौऱ्यावर जाताना सह्या केलेले कोरे फॉर्म ठेवून जायचे. कामं अडू नयेत म्हणून. आमच्याकडे तशीच रीत होती आणि त्यात कुणाला वावगं वाटत नव्हतं. मी कपाट उघडलं. दाराच्या आतल्या बाजूला ते परिपत्रक. मी त्याच्याकडे पाहिलं नाही. रांजणात डोकावलो. तळाला चिखल होता, तोही वाळलेला. त्या दिवशीचं आमचं पाणी बाहेर उतारावर सांडलं होतं.

फक्रुद्दीनचं डोकं फुटलेलं. एक डोळा सुजून बंद झालेला. तो माझ्याकडे बघून म्हणाला, "कंपौंडरसाब, ती म्हातारी?"

मी नुसती मान हलवली. त्याला समजलं. त्याने आपणहून बाही वर सारली आणि हात माझ्यापुढे धरला.

"काढा. पायजे तेवढं काढा. आजवर थेंबाला शिवलो न्हाई मी. मानसं खोटं बोलतील, रगत तर खोटं बोलनार न्हाई ना?"

मी बरणीतून पिचकारी काढली. झटकली. आणि सवयीचा हात आपोआप कापसाच्या बोळ्याकडे गेला. त्याच्या दंडावर थंडगार स्पिरिट फिरलं तेव्हा त्याने नाक वर केलं.

"ह्यो वास कसला?"

"औषधाचा," मी म्हणालो.

शीर एका झटक्यात सापडली. बाटलीत रक्त सोडलं, लाख वितळवली, ठसा उमटवला. फॉर्मवर डॉक्टरची सही होतीच. वरची ओळ मी माझ्या अक्षरात भरली: मी स्वतः रक्त काढले. मी म्हणजे डॉक्टर.

रंगनाथ त्याला मागच्या दाराने घेऊन गेला. जाताना फक्रुद्दीन मला म्हणाला, "लई उपकार झाले." ते खरंच होते. त्याचा जीव त्या दिवशी वाचला.

महिन्याने अहवाल आला. रक्तात दारू. ठरलेल्या हद्दीच्या पुष्कळ वर.

डॉक्टरांनी मला खोलीत बोलावलं. पोरगेलासा माणूस, नुकतं लग्न झालेलं. त्यांचे ओठ कोरडे पडले होते. म्हणाले, "कंपाउंडर, रक्त मी काढलं. तुम्ही तिथे नव्हता. कोरा फॉर्म, खोटी ओळ, दोघांनाही आत टाकतील. आपण काही मुद्दाम केलं नाही." मी म्हणालो, "न्हाई साहेब, मुद्दाम न्हाई." एवढंच बोलणं झालं. त्यानंतर बरणी रिकामी केली, आणि टँकर आला की पहिल्यांदा पिचकाऱ्या उकळायला लागलो.

मग एक दिवस फक्रुद्दीनची बायको मुबारकबी आमच्या दारात आली. श्रीगोंद्याहून निघालेली, अर्धी वाट टेम्पोने, अर्धी पायी. रंगनाथ हवालदाराला दया आली असावी. त्यानेच तिला सांगितलं होतं, की सुई कंपाउंडरच्या हातात होती. चांगुणाने तिला तांब्यातलं अर्धं पाणी दिलं. तिने दोन घोट घेतले आणि उरलेलं परत केलं.

"भाऊ," ती मला म्हणाली, "वकील म्हंतो, तुमी खरं बोलला तर केस ऱ्हात न्हाई. तुमाला कोर्टाचं बोलावणं येईल. सुई कशात हुती अन् कुनी टोचली, येवडंच सांगा. दुसरं कायबी न्हाई मागत. म्हातारीचं पाप आमच्यावर हाय, ते आमी फेडू. पर दारूचं न्हाई. तुरुंगात गेला तर गेला, पर दारुड्या म्हनून मुलीचं लगीन कसं हुयाचं?"

"येतो," मी म्हणालो. "घाबरू नको. येतो."

इथे ओट्यावरच्या विड्या विझल्या. कुणी परत पेटवली नाही. असं झालं की मला कसंतरी होतं. गोष्टीला असं जमिनीवर बसू देऊ नये. उठवून चालती करावी.

तर समन्स आलं. मी धोतर धुतलं, काळी टोपी घातली आणि तालुक्याच्या कोर्टात गेलो. पिंजऱ्यात उभा राहिलो आणि न्यायाधीशांना सांगितलं, "साहेब, रक्त मी काढलं. सुई स्पिरिटातली होती. हा माणूस दारूला शिवलेला नाही."

"मग?" गोरक्षनाथाने विचारलं.

"सरकारी वकील म्हणाला, हा कंपाउंडर बनवाबनवी करतोय. एवढ्याशा स्पिरिटने काय होतं? न्यायाधीश विचारात पडले. माळकरी माणूस, सुपारीच्या खांडालाही न शिवणारा. त्यांनी काळा कोट काढला, सदऱ्याची बाही वर केली आणि म्हणाले, माझं काढ."

"कोर्टात?"

"भर कोर्टात. मी तीच सुई, तोच बोळा, तेच स्पिरिट वापरलं. शीर बघायचीही गरज पडली नाही. बाटली तपासायला गेली, आणि महिन्याने अहवाल आला: हा इसम तर्र आहे."

ओटा हसून हसून लोळायला लागला. गोरक्षनाथाने मांडीवर थाप मारली.

"न्यायाधीश उठून उभे राहिले," मी आवाज चढवला, "म्हणाले, हा ड्रायव्हर दारुडा असेल तर मीही दारुडा. सोडा त्याला. आणि या कंपाउंडरला खुर्ची द्या. शिपाई खुर्ची घेऊन आला. फक्रुद्दीन पिंजऱ्यातून उतरला, माझ्याजवळ आला आणि—"

"तुमी कोर्टात गेलाच न्हाई."

चांगुणाने सूप खाली ठेवलं होतं. आवाज चढलेला नव्हता. ज्वारीत खडा आहे म्हणावं, तसं तिने ते म्हटलं.

"वहिनी, ऱ्हाऊ द्या की, रंगात आलीया गोष्ट," गोरक्षनाथ हसतच म्हणाला, आणि मग तिच्या तोंडाकडे बघून त्याचं हसू थांबलं.

"डाक्टरनी तापाचा दाखला दिल्ता," ती माझ्याकडे बघत म्हणाली. "तुमी त्या दिशी गोधडीत हुता. फक्रुद्दीन सुटला न्हाई, आत गेला. सकाळच्या पारी मुबारकबी तुमाला न्ह्यायला आल्ती, कुनाची तरी बैलगाडी मागून. मीच दारात आडवी झाले. म्हनलं, लई ताप हाय, उठवत न्हाई त्यास्नी. तिला खरं वाटलं. बाई आत आली, तुमच्या कपाळाला हात लावला. गार कपाळ. लई येळ हात तसाच ठिवला तिनं. मला वाटलं, आता वरडंल. गोधडी तुमच्या पायावरून सरकली हुती. ती नीट केली, अन् गेली."