ऐकलेली हाक

लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण मुकुलच्या मागून चालायची सुरभीला काही सवय झाली नव्हती. त्या रविवारी तर तो चालत नव्हता, पळतच होता.

बरुआसागरच्या पुढे डोंगराच्या घळीत एक धबधबा आहे, पावसाळा सरताना त्याला मस्त पाणी असतं, असं मुकुलच्या ऑफिसातला इंद्रजीत म्हणाला आणि तिघं सकाळीच झाशीहून निघाले. इंद्रजीत मोटरसायकलवर, हे दोघं सुरभीच्या स्कूटीवर. गाड्या पायथ्याच्या वस्तीत लावून सगळे घळीत शिरले. पळस, तेंदू, धावडा असं दाट रान, खाली शेवाळलेले खडक. डबे आणि पाण्याच्या बाटल्यांची पिशवी सुरभीच्या पाठीवर, कारण मुकुलच्या गळ्यात कॅमेरा होता.

"हमारी मॅडम तो बैलगाडी हैं, भैया," मुकुल म्हणाला. "शाम तक पहुँचेंगी."

इंद्रजीत हसला. सुरभीने पाठीवरची पिशवी सावरली.

ओढा ओलांडताना तिचा पाय सटकला. डावा घोटा असा मुरगळला की डोळ्यांपुढे काजवे चमकले.

"मुकुल! थांब रे, पडले मी!"

वळणावर त्याची निळी टोपी दिसत होती. तिने पुन्हा हाक मारली. टोपी झाडांआड गेली. फोनला रेंज नव्हती. पाण्याच्या आवाजात ऐकू आलं नसेल, अशी तिने स्वतःचीच समजूत घातली आणि खडकावर बसून राहिली. पण जसजसा वेळ गेला तसतसं तिचं डोकं तापत गेलं. माणूस एकदा तरी मागे वळून बघतो की नाही?

वस्तीतली भानुमती शेळ्या घेऊन तिथून चालली होती. ती थांबली. "काए बिन्नू, का हो गओ?" असं बहिणीसारखं विचारत तिने सुरभीच्या ओढणीने घोटा करकचून बांधला, पिशवी स्वतःच्या डोक्यावर घेतली आणि शेळ्यांच्या पायवाटेने तिला थेट धबधब्याच्या डोहापाशी नेलं. तिथे कोणीच नव्हतं. उंच कड्यावरून पांढरंशुभ्र पाणी कोसळत होतं. एवढं सुंदर दृश्य, पण सुरभीला धड बघवेना.

अर्ध्या तासाने मुकुल आणि इंद्रजीत वाट चुकून, काट्यांनी ओरबाडून घेऊन वरून उतरले.

"अरे! तू आमच्या आधी कशी?"

"मी हाका मारल्या. ऐकल्यास?"

"ऐकल्या ना," मुकुल सहज म्हणाला. "वाटलं, फोटोसाठी बोलावतेयस. तुझं दर दहा मिनिटांनी काहीतरी असतंच."

सुरभी एका पायावर उभी राहिली. आवाज तिचा तिलाच अनोळखी वाटला. "पडले म्हणून ओरडत होते मी! ऐकलंस आणि पुढे गेलास? डोकं फुटलं असतं तर तेही फोटोसाठीच का?"

"सॉरी यार, इंद्रजीतसमोर तमाशा नको..."

"बैलगाडी म्हणालास तेव्हा इंद्रजीत नव्हता समोर? स्कूटीची चावी दे."

"पाय सुजलाय. चालवशील कशी?"

"दे म्हटलं ना!"

त्याने चावी दिली. आधाराला पुढे केलेला हात तिने झिडकारला आणि भानुमतीच्या खांद्यावर भार टाकून लंगडत वस्ती गाठली. तुम्हीच खा म्हणत डबे तिने भानुमतीच्याच घरी ठेवले. घरी पोचल्यावर सासूबाईंनी, शशिकलाबाईंनी, घोट्याला आंबेहळदीचा लेप लावला, सगळं ऐकलं आणि एवढंच म्हणाल्या, "बापावर गेलाय."

चार दिवस सुरभी मुकुलशी एक शब्द बोलली नाही. एकांतात त्याने तीनदा माफी मागितली, तिने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. पाचव्या दिवशी इंद्रजीत चहाला आला. मुकुल खाली मान घालून बराच वेळ बिस्किट कुस्करत बसला होता. मग मान वर करून म्हणाला, "सुरभी, त्या दिवशी तुझी हाक मला ऐकू आली होती. मी थांबायला हवं होतं. चुकलं माझं."

इंद्रजीतने कप खाली ठेवला.

"हं," सुरभी म्हणाली. राग अजून गेला नव्हता. पण त्या दिवसापासून ती त्याच्याशी बोलायला लागली.