खाली म्हणजे कुठे?

दर वर्षी सातवीला गुरुत्वाकर्षण शिकवताना मी पहिला प्रश्न विचारते, "खाली म्हणजे कुठे?" सगळे फरशीकडे बोट दाखवतात. मग मी सांगते की 'गुरु' म्हणजे जड, आणि वर्ग माझ्याकडे बघून खुदखुदतो. माझं वजन हे काही आमच्या शाळेतलं गुपित नाही. हसू देते. निदान शब्द तरी लक्षात राहतो.

या वर्षी मात्र धडा वर्गात मावला नाही.

जुन्या इमारतीशेजारी नवी प्रयोगशाळा बांधून होत आली होती. दोन्हींच्या मध्ये दोन हात रुंदीचा बोळ. सोमवारी सकाळी मोठ्या बाई, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिका, फाटकातून आत आल्या, बोळाकडे बघितलं आणि तिथेच थांबल्या. मधून दिसणारी आभाळाची पट्टी खाली रुंद होती आणि वर चिंचोळी. "नवी भिंत वाकडी बांधलीय," त्या म्हणाल्या. मागून येणारे आम्ही सगळे शिक्षक म्हणालो, "हो की!" जुनी इमारत पस्तीस वर्षं उभी होती. तिच्यावर कोण शंका घेणार?

शुक्रवारपर्यंत भिंत पाडा आणि पुन्हा बांधा, असं फर्मान निघालं. आमचे गवंडीदादा एरवी बोलायला लागले की कालवलेलं सिमेंट वाळून जाईल पण वाक्य संपणार नाही. त्या दिवशी मूग गिळून उभे राहिले. बाजूला स्टुलावर त्यांचे वडील बसले होते. तेही गवंडी, आता ऐंशीच्या घरात, डोळ्यांत मोतीबिंदू. जुनी इमारत त्यांच्या हातची, म्हणून रोज येऊन मुलाच्या कामातल्या चुका काढायचे.

"माझ्या हाताखाली शिकून वाकडी बांधलीस?" म्हातारबाबा सगळ्यांदेखत म्हणाले. "आता तुला दुसरं काम कोण देणार?"

"पाडतो बाबा," एवढंच गवंडीदादा म्हणाले.

मला त्यांचा रागच आला. ज्याची चूक नसते तो भांडतो, असा माझा हिशोब. हा माणूस भांडत नाही, म्हणजे चुकलाच असणार.

बुधवारी धड्यासाठी ओळंबा हवा होता, म्हणून मी वर्ग घेऊन सरळ कामावरच गेले.

"दादा, तुमचा ओळंबा द्या जरा. मुलांना 'खाली' दाखवायचंय."

त्यांनी पिशवीवर हात ठेवला. "आज नको, बाई."

"दे की!" स्टुलावरून आवाज आला. "माझाच आहे तो. पन्नास वर्षं वापरलाय."

ओळंबा म्हणजे दोरी, तिच्या टोकाला पितळी गोळा आणि वर गोळ्याइतक्याच रुंदीचा लाकडी ठोकळा. ठोकळा भिंतीला वर टेकवायचा आणि गोळा खाली सोडायचा. भिंत सरळ असेल तर गोळा तिला जेमतेम टेकतो. गवंडीदादा नाइलाजाने शिडीवर चढले आणि नव्या भिंतीला ठोकळा धरला.

"प्रत्येक वस्तू दुसऱ्या वस्तूला ओढते," मी सुरू केलं. "पृथ्वी एवढी अवाढव्य आहे की आपल्याला तिचीच ओढ जाणवते. ती ओढते स्वतःच्या मध्याकडे. दोरी जिकडे ताणली जाते, ते खाली."

वर्गात एक मुलगी आहे. तिचं प्रत्येक वाक्य 'पण बाई'ने सुरू होतं, म्हणून सगळे तिला पणबाईच म्हणतात.

"पण बाई, मग भिंतही गोळ्याला ओढत असेल ना?"

"ओढते. पण भिंत केवढी आणि पृथ्वी केवढी? भिंतीची ओढ आपल्या डोळ्यांना दिसणारसुद्धा नाही."

गोळा झुलला, थांबला, भिंतीला अलगद टेकला. "सरळ आहे!" वर्ग ओरडला. सोमवारी मीही सगळ्यांबरोबर 'हो की' म्हटलं होतं. मला माझी लाज वाटली.

"दादा, हे त्याच दिवशी का नाही दाखवलंत?"

ते उतरून दोरी गुंडाळायला लागले.

"पण बाई," पणबाई म्हणाली, "ही सरळ आहे, तर बोळ वर चिंचोळा कसा?"

मी गवंडीदादांकडे बघितलं. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "बाई, जुन्या भिंतीला नका लावू. मी माझी पाडून तिच्याशी जुळेल अशी बांधतो. बाबांना हे सोसायचं नाही."

"आणि त्या भिंतीआड पाचवी बसते तिचं काय?" माझा आवाज चढला.

"वरची टाकी रिकामी करा म्हणून मोठ्या बाईंना तीनदा सांगितलं. गळते म्हणालो. गळत नाही ती."

ती टाकी दहा वर्षांपूर्वी जुन्या इमारतीच्या गच्चीवर, बोळाकडच्या कोपऱ्यात बसवली होती. पाच हजार लिटर, म्हणजे पाच हजार किलो पाणी. पृथ्वी ते सतत खाली ओढत होती, त्याचा भार भिंतीवर, भिंतीचा पायावर, आणि पायाखालची जमीन तिथेच मऊ होती.

"काय कुजबुजताय?" म्हातारबाबा स्टुलावरून उठले होते. "तिकडे लाव."

"बाबा, राहू दे."

"लाव म्हणतो ना!"

गवंडीदादा जुन्या भिंतीच्या शिडीवर चढले. गोळा झुलला आणि थांबला. तो भिंतीला टेकला नाही. म्हातारबाबांना नीट दिसत नव्हतं. ते गुडघे टेकून खाली बसले आणि त्यांनी गोळा आणि भिंत यांच्यामध्ये एक बोट घातलं. मग दुसरं. मग तिसरं. तिसरंही बसलं.

वर्ग बाहेर दिसला म्हणून मोठ्या बाई आल्या. "काय चाललंय इथे?"

"काही नाही बाई, भिंत माझीच..." शिडीवरून गवंडीदादा म्हणाले.

"गप!" माझ्या हाताचा आधार घेऊन म्हातारबाबा उठले. "बाई, आधी पाचवीची मुलं बाहेर काढा. मग टाकी रिकामी करा. आणि नव्या भिंतीला हात लावू नका. वाकडी माझी आहे."

पाचवी दप्तरं घेऊन मैदानात आली. गवंडीदादा शिडीवरून उतरले आणि मान खाली घालून वडिलांसमोर उभे राहिले.

"तुला माहीत होतं?"

"हो."

"आणि सरळ भिंत पाडणार होतास. माझं एवढं ऐकून घेऊनसुद्धा."

म्हातारबाबांनी ओळंबा मागून घेतला, दोरी ठोकळ्याला गुंडाळली आणि तो परत मुलाच्या हातात ठेवला.

"मान वर कर," ते म्हणाले. "खाली बघायचं काम याचं."