करपलेला टोस्ट आणि गुरुवारचे पत्रक

आमच्या केअर होममध्ये दर गुरुवारी कौन्सिलचे पत्रक येते. ते आमच्यासाठी नसते. आमच्यासारख्या म्हाताऱ्यांना सांभाळणाऱ्या संस्थांसाठी असते. ग्लेनिस, म्हणजे आमची व्यवस्थापिका, ते छापून स्वयंपाकघराजवळच्या फळ्यावर टाचते, कामावरच्या मुलींनी वाचावे म्हणून. मुलींना वेळ नसतो. मी वाचतो. माझा जन्म गावातल्या ग्रंथालयात गेला. छापलेले काही समोर असले की डोळे आपोआप तिकडे वळतात. त्यात कौतुक करण्यासारखे काही नाही.

वाचून झाले की ते विल्फला सांगायचे, हा नेम. विल्फ हॉलगेटने किनाऱ्यावरच्या रस्त्याने जन्मभर बस चालवली. आता त्याची नजर अधू झाली आहे. खिडकीजवळच्या टेबलाशी आम्ही दोघे बसतो, आणि मी फळ्याकडून परत आलो की तो विचारतो,

"काय रे क्लेम, कौन्सिलनं आज काय शिकवलं आपल्याला?"

"गाद्या. कुठल्या तरी कंपनीच्या हवेच्या गाद्या परत मागवल्यात."

"माझी आहे का त्यातली?"

"नाही."

"हात्तिच्या. मला वाटलं, या जन्मात एकदा तरी नवी गादी मिळेल."

असे आमचे गुरुवार जात. हिवाळ्यात एका रविवारी दुपारच्या जेवणात विल्फच्या घशात मांसाचा तुकडा अडकला. त्याचा चेहरा आधी लाल झाला, मग निळसर. ग्लेनिस धावत आली, तिने त्याच्या पाठीत जोरजोरात थापा मारल्या, तुकडा निघाला, अॅम्ब्युलन्स आली. मी शेजारीच होतो. हातातला चमचा तसाच धरून बसलो होतो, एवढेच मला आठवते.

हॉस्पिटलातून तो दोन दिवसांत परत आला, पण बरोबर हुकूम घेऊन: यापुढे सगळे अन्न मिक्सरमधून काढून, गुळगुळीत करूनच द्यायचे.

आमची आचारीण डॉट मनापासून काम करणारी बाई. नुसता लगदा ताटात वाढायला तिला लाज वाटली. तिने साचे मागवले. गाजराचा लगदा गाजराच्या आकारात, माशाचा माशाच्या आकारात. ताट समोर ठेवून ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"कसं दिसतंय, विल्फ?"

"सुंदर. थँक यू, राणी. तक्रारीला जागाच नाही."

ती आत गेल्यावर तो माझ्याकडे झुकला. "क्लेम, बस डेपोची भिंत लिंपायला असलंच काही तरी वापरायचे रे."

"मग सांग ना तिला."

"छे! बिचारीनं साचे मागवलेत."

चावायला काही उरले नाही, तेव्हा त्याची कवळी निळ्या डबीत घालून पलंगाजवळच्या खणात गेली. "उगाच हिरड्यांना कशाला टोचून घ्यायचं?" असे ग्लेनिस म्हणाली, आणि ते सगळ्यांनाच पटले. विल्फलाही. मलाही.

वसंतात, बाहेर समुद्राचा रंग जरा उजळला तेव्हा, विल्फने टोस्टचा विषय काढला.

"एडना टोस्ट करपवायची." एडना म्हणजे त्याची बायको, तिला जाऊन बरीच वर्षे झाली. "रोज करपवायची, एक दिवस चुकली नाही. मग मोरीपाशी उभी राहून सुरीनं खरवडायची. खर्र खर्र. तो आवाज आला की मी अंथरुणातनं उठायचो."

"आवडायचा तुला?"

"करपलेला? अरे, अजिबात नाही. पण लग्नाच्या दुसऱ्या दिवशी तिनं विचारलं, कसा झालाय? मी म्हटलं, सुंदर. संपलं. तिला वाटलं, ह्याला असाच लागतो. मग जन्मभर मुद्दाम करपवत राहिली."

मी हसलो. तोही हसला. मग खिडकीबाहेर पाहत म्हणाला, "आता खावासा वाटतो. तसाच, काळा, वर संत्र्याचं मार्मलेड लावलेला. एकदा कडकन् दाताखाली यायला पाहिजे, बस्स. दुसरं काही मागणं नाही माझं."

त्यानंतर तो रोजच टोस्टबद्दल बोलू लागला. सकाळी बाकीच्यांच्या ताटल्या आल्या की त्याचे बोलणे थांबायचे. शेजारच्या टेबलावर कुणी टोस्टचा तुकडा मोडला की तो मान तिकडे वळवायचा, जशी ओळखीची बस आल्यावर तो अजूनही वळवतो.

मे महिन्यातल्या एका गुरुवारी मी फळ्यासमोर नेहमीपेक्षा जास्त वेळ उभा राहिलो. पत्रकात नवे मार्गदर्शन होते. ज्या माणसाला मऊ किंवा वाटलेले अन्न दिले जाते, त्याला धोका समजत असेल आणि तरीही त्याला वेगळे खावेसे वाटत असेल, तर त्याची इच्छा विचारली पाहिजे. निर्णयाचा फेरविचार झाला पाहिजे. आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत लिहून घेतले पाहिजे. काळजीवाहकांच्या शब्दांत नाही.

मी ते दोनदा वाचले. कौन्सिलच्या कागदावर इतके शहाणपणाचे वाक्य मी पूर्वी पाहिले नव्हते.

विल्फला सांगितले तेव्हा त्याने टेबलावर थाप मारली. "बघ! आहे कुणी तरी तिथं माणूस!" ग्लेनिसला मी भीत भीत विचारले, तर तिनेही ते वाचलेलेच होते. "मी फोन केलाय, राजे," ती विल्फला म्हणाली. "पुढच्या आठवड्यात बाई येताहेत तपासायला. तुम्ही फक्त मनात आहे ते बोला. बाकी मी बघते."

गिळणे तपासणाऱ्या बाई आल्या. मिस प्राइस त्यांचे नाव. तरुण, पावसात भिजलेल्या, हातात पिशव्या. आल्या आल्या त्यांनी उशीर झाल्याबद्दल तीनदा माफी मागितली. विल्फने त्यांच्यासाठी खुर्ची ओढली, चहा मागवला, रस्त्यात गर्दी होती का विचारले. त्यांनी त्याला पाणी पाजले, दही भरवले, गळ्याला बोटे लावून पाहिले. मग लिहायला बसल्या आणि हसून म्हणाल्या,

"मिस्टर हॉलगेट, आता मला सांगा, सध्याच्या जेवणाबद्दल तुम्हाला काय वाटतं?"

स्वयंपाकघराच्या खिडकीतून डॉट पाहत होती. ग्लेनिस दाराशी उभी होती. मी विल्फकडे पाहिले. त्याने पाठ ताठ केली, घसा खाकरला आणि म्हणाला,

"सुंदर आहे. थँक यू. तक्रारीला जागाच नाही."

"नक्की? काही वेगळं हवंय का?"

"नाही, नाही. सगळे फार करतात माझ्यासाठी. तुम्ही एवढ्या पावसात आलात, तेच खूप झालं."

मिस प्राइसनी ते शब्द जसेच्या तसे लिहून घेतले. उत्तर त्याच्याच शब्दांत हवे होते, आणि ते त्याच्याच शब्दांत मिळाले होते.

बाई पिशव्या उचलून गेल्या. मग विल्फ म्हणाला, "मी काय बोललो रे?"

"सुंदर आहे म्हणालास."

"कसा काय म्हणालो?"

"मला काय माहीत, विल्फ."

"ती भिजली होती रे. आणि डॉट बघत होती." त्याने तळहाताने डोळे दाबले. "एडनाला तेच म्हणालो, आता ह्या बाईंनाही तेच. तोंडाला वळणच पडलंय."

"परत बोलावू या बाईंना."

"आणि सांगू काय? मी खोटं बोललो म्हणून? म्हाताऱ्याच्या टोस्टपायी तिची आणखी एक फेरी? नको, नको."

पण चार दिवसांनी त्यानेच मला ग्लेनिसकडे पाठवले. ग्लेनिसने कपाळाला हात लावला. "अहो, मी तिथंच उभी होते! मला वाटलं, आता बोलतील, आता बोलतील." तिने पुन्हा फोन केला. यादी लांब होती. मिस प्राइस यायला शरद उजाडणार होता. तोपर्यंत सध्याचाच हुकूम पाळायचा, कारण कागदावर माणूस समाधानी होता.

उन्हाळाभर आम्ही सराव केला. म्हणजे मी मिस प्राइस व्हायचो.

"मिस्टर हॉलगेट, जेवणाबद्दल काय वाटतं?"

"नाही आवडत मला!"

"अं... बरं. माफ करा."

"अरे क्लेम, तू कशाला माफी मागतोस? तुझं काम विचारायचं!"

"तू एवढ्या जोरात म्हणालास, मला वाईट वाटलं."

"अशानं मी तुझ्याशी बोलताना पण सुंदर म्हणेन! पुन्हा विचार. जरा कडक. तिकीट न काढलेल्याला विचारतात तसं."

मला कडक होता येत नाही. पण रोज चहानंतर मी विचारत राहिलो आणि तो "नाही" म्हणत राहिला. आधी कुजबुजत, मग मोठ्याने. एकदा इतक्या मोठ्याने, की पलीकडच्या मिसेस ऑल्डरटन दचकून म्हणाल्या, "नको असेल तर नका घेऊ, पण ओरडता कशाला?"

ऑक्टोबरमध्ये मिस प्राइस पुन्हा आल्या. या वेळी पाऊस नव्हता. त्यांनी प्रश्न विचारायच्या आतच विल्फ म्हणाला,

"नाही. आवडत नाही मला. मला टोस्ट पाहिजे. करपलेला. आणि तो घशात अडकून मी मेलो, तर तो दोष माझा, ग्लेनिसचा नाही, डॉटचा नाही, कुणाचा नाही." मग त्याचा आवाज खाली आला. "मागच्या वेळी खोटं बोललो. माफ करा."

मिस प्राइस लिहिता लिहिता थांबल्या. "त्याबद्दल माफी मागायची नसते, मिस्टर हॉलगेट," त्या म्हणाल्या. "हे मी आधीच ओळखायला हवं होतं." त्यांनी पुन्हा सगळे तपासले. ताठ बसायचे, लहान लहान घास घ्यायचे, शेजारी कुणी तरी हवे. एवढे पाळले तर रोज सकाळी एक टोस्ट खायला हरकत नाही.

दुसऱ्या दिवशी सगळे तयार होते. डॉटने आयुष्यात टोस्ट करपवला नव्हता. तिला ते जिवावर आले होते. पहिला पुरेसा काळा झाला नाही, म्हणून तिने तो पुन्हा आत घातला. मग स्वयंपाकघरातून आवाज आला: खर्र खर्र. सुरीने खरवडल्याचा. विल्फने डोळे मिटले.

ग्लेनिसने खणातून निळी डबी आणली, कवळी धुतली, त्याच्या हातात दिली. त्याने ती तोंडात बसवली. पुन्हा काढून पुन्हा बसवली. वरची खाली घसरत होती. अंगठ्याने दाबून धरली की राही, अंगठा काढला की टक्कन् वाजे. इतके महिने काही नसल्याने हिरड्या आत ओढल्या गेल्या होत्या. ती कवळी आता त्याची राहिली नव्हती.

टोस्ट आला. काळा, मार्मलेड लावलेला, चार तुकडे केलेला. डॉट ताटलीशीच थांबली, पदरमोड करून आणलेल्या भेटवस्तूजवळ थांबावे तशी. विल्फने एक तुकडा उचलला, तोंडात घातला आणि जबडा मिटला. दात एका बाजूला गेले, तुकडा दुसऱ्या. कडकन् आवाज आला नाही. तो थांबला. नॅपकिन तोंडाशी नेऊन त्याने कवळी त्यात काढून घेतली आणि मांडीवर ठेवली. मग वरचे मार्मलेड हळूहळू चोखले.

"कसा झालाय?" डॉटने विचारले.

मी ताटलीकडे पाहत राहिलो.

"सुंदर," विल्फ म्हणाला. "थँक यू, राणी. अगदी एडनासारखा."

डॉटच्या डोळ्यांत पाणी आले. ती आत गेली ती गुणगुणतच. ग्लेनिस मात्र गेली नाही. तिच्या हातात रिकामी निळी डबी होती.

"मीच ठेवायला लावली," ती हळूच मला म्हणाली. "टोचेल म्हणून." तिने घरी येऊन तपासणाऱ्या दंतवैद्याकडे विल्फचे नाव लावले आहे. तिथेही यादी लांब आहे, आणि विल्फने तिला आधीच सांगून टाकले आहे की घाई नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी करपलेला टोस्ट येतो. डॉट आता न चुकता तो करपवते. मी शेजारी बसतो, कारण शेजारी कुणी तरी हवे.

काल गुरुवार होता. मी फळ्यापाशी गेलो. पत्रकात हिवाळ्याच्या लसी होत्या, पायऱ्यांवर मीठ टाकण्याच्या सूचना होत्या आणि शेवटी तोंडाच्या स्वच्छतेवर एक परिच्छेद होता: वाटलेले अन्न घेणाऱ्यांची कवळीही दिवसा तोंडात असू द्यावी, नाही तर हिरड्या आकसतात आणि ती पुन्हा बसत नाही. ग्लेनिसने तो भाग पेनने अधोरेखित केला होता. रेघ इतकी दाबून ओढली होती, की कागद फाटला होता.

मी टेबलाशी परत आलो. टोस्ट येऊन पडला होता.

"काय रे, कौन्सिलनं आज काय शिकवलं?"

"विशेष काही नाही," मी म्हणालो. "पायऱ्यांवर मीठ टाका म्हणतात."

"बरोबर आहे. घसरतात लोक." त्याने बोटाने मार्मलेड निपटून घेतले, चाखले आणि ताटली डॉटला दिसणार नाही अशा बेताने माझ्याकडे सरकवली. "खा."

मी तुकडा उचलला.

"तसा नाही रे, भित्र्यासारखा. जरा जोरात चाव. मला ऐकू येऊ दे."