शेवंताक्काची भिंत

आईला लकवा मारला त्या वर्षापासून माझी थोरली बहीण शेवंताक्का आमच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत जायला लागली. आधी टाच गेली. मग पाठ. मी आमदार झाले तोवर ती जवळजवळ सगळी आत होती, बाहेर फक्त तोंड आणि उजवा हात. त्या हातानं ती आईला पेज भरवायची. आईची खाट भिंतीजवळच ठेवली होती, त्यामुळे कुणाचं काही अडत नव्हतं. निदान घरात सगळे तसं म्हणायचे.

त्याआधी अक्का एसटीत कंडक्टर होती. एक बेल म्हणजे थांबा, दोन बेल म्हणजे चला. भिंतीत गेल्यावरही तिची सवय सुटली नाही. आईच्या तोंडात घास असताना मध्येच कुणी बोललं, की ती बोटानं भिंतीवर एकदा ठोकायची. घास उतरला की दोनदा. आमचं घर या बेलवर चालायचं. मी आमदार असले तरी अक्काच्या दोन बेल झाल्याशिवाय उंबरा ओलांडायची माझी टाप नव्हती. बेल नसताना गाडी हाकणारा ड्रायव्हर आणि मोठ्यांचं न ऐकणारं पोर, दोघंही शेवटी खड्ड्यात जातात, असं ती म्हणायची आणि माझ्याकडे बघायची.

असं आमच्या एकट्याच घरात होतं असं नाही. मतदारसंघात फिरताना दिसायचं. कुणाची सून, कुणाची आत्या, आणि कुंभार गल्लीत तर एक गवंडी स्वतःच बांधलेल्या भिंतीत गेला होता, मतिमंद लेकापायी. बैठकीत बसलं की भिंतीतून हात येऊन चहाचा ट्रे पुढे करायचा. मंडळी कप उचलायची आणि बोलणं चालू ठेवायची. वर छपरं भक्कम होती. लोक म्हणायचे, पूर्वीची बांधकामंच चांगली.

मला या गोष्टीचा संताप यायचा. पण विधेयक लिहायचं हे मला सुचलं नव्हतं. ते आबासाहेबांनी सुचवलं.

आबासाहेब इंगवले म्हणजे आमच्या जिल्ह्याचे नेते, आणि आता हा विषय ज्या खात्याकडे येतो त्या खात्याचे मंत्री. मला तिकीट त्यांनी दिलं. प्रचाराच्या वेळी ते आमच्या घरी जेवायला आले, आईच्या खाटेवर बसले आणि अक्काच्या हातून भाकरीचा तुकडा खाल्ला. सगळ्यांसमोर भिंतीवर थाप मारून म्हणाले, शेवंता माझी थोरली लेक, हिला मी बाहेर काढणार. अक्काच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि खाली चुन्यावर ओघळ उमटला. तो ओघळ मी कधी पुसू दिला नाही.

तर मी विधेयक लिहिलं. साधं होतं. अशा प्रत्येक घराला सरकारनं शुश्रूषेसाठी पगारी माणूस द्यावा, छताला सागवानी टेकू द्यावा, आणि भिंतीतून निघणाऱ्याला त्याची जुनी नोकरी परत द्यावी.

ज्या दिवशी सभागृहात ते मांडायला अनुमती मिळाली, त्या दिवशी अक्काचा डावा कोपर बाहेर आला. चर्चेला घ्यायचं ठरलं तेव्हा गुडघे आले. गल्लोगल्ली हेच सुरू झालं आणि माझा फोन थांबेना. आभार मानायला फारसं कुणी फोन करत नव्हतं. ताई, सूनबाई कंबरेपर्यंत आलीय, पण आढं करकरतंय, टेकू कधी मिळणार? एकानं तर विचारलं की तोवर तिला परत आत ढकलली तर चालेल का. त्याला मी जे बोलले ते इथे सांगण्यासारखं नाही.

त्याच सुमारास विधान भवन आमच्या घराकडे सरकायला लागलं. आधी रात्रभराचा प्रवास होता. मग ते टोलनाक्याच्या पलीकडे आलं, मग बाजार समितीच्या मागे. अधिवेशन संपत आलं तेव्हा सभागृहात माझ्या बाकामागचं दार उघडलं की थेट आमचं स्वयंपाकघर लागायचं. बसल्या जागी आईचं खोकणं ऐकू यायचं. अध्यक्षांनी मला समज दिली की सन्माननीय सदस्यांनी घरचे आवाज सभागृहात आणू नयेत. मी दिलगिरी व्यक्त केली.

अशासकीय, म्हणजे मंत्री नसलेल्या आमदारांची, विधेयकं शुक्रवारी दुपारी घेतात. त्या शुक्रवारी सकाळी अक्काची फक्त डावी टाच भिंतीत उरली होती. तिनं खाकी साडी इस्त्री करून घेतली होती आणि बिल्ला चिंचेनं घासून लख्ख केला होता. उभ्या उभ्या आईचे केस विंचरत ती म्हणाली, "उजे, सोमवारी ड्युटी लागंल का गं?"

लागेल म्हटलं. का नाही लागणार? तिनं दोनदा ठोकलं आणि मी निघाले. खरं तर निघाले कसली, दारच उघडलं.

शुक्रवारी दुपारी सभागृहात कोण थांबतंय? आमदार केव्हाच गावी गेले होते. त्यांच्या जागी बाकांवर त्यांच्या सत्काराच्या शाली बसल्या होत्या, नीट घड्या घालून. गणसंख्या पूर्ण असल्याचं अध्यक्षांनी सांगितलं.

काम सुरू होण्याआधी आबासाहेब माझ्या बाकापाशी आले. हळू आवाजात म्हणाले की विधेयक मागे घे. अशासकीय विधेयकं कधी मंजूर होत नाहीत, मंत्री आश्वासन देतो, सदस्य मागे घेतो, ही इथली रीतच आहे. सरकार पुढच्या अधिवेशनात स्वतःचं आणेल, याच्यापेक्षा मोठं, पैशांच्या तरतुदीसकट. मतदानाला टाकलंस तर या शाली काय म्हणतील ते तुला ठाऊक आहे, आणि एकदा पडलं की मेलं.

मी म्हटलं, अक्काची एक टाच राहिलीय फक्त.

"ती मी काढतो," आबासाहेब म्हणाले, आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "तुझ्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, पोरी."

माझा बाप गेल्यापासून माझ्या डोक्यावर हात ठेवणारा हा एकच माणूस. हात ओला होता. ते गेल्यावर मी केसांवरून बोटं फिरवली तर पांढरं लागलं. तंबाखूचा चुना असेल म्हटलं.

चर्चा छान झाली. आबासाहेब उत्तराला उभे राहिले आणि अक्काचं नाव घेऊन बोलले. भाकरीच्या तुकड्याचंही सांगितलं. शासन सकारात्मक आहे, योग्य ती कार्यवाही करू, सन्माननीय सदस्यांनी विधेयक मागे घ्यावं अशी विनंती आहे. मी उठले. मागच्या दारातून एक बेल ऐकू आली.

मी ऐकली. स्पष्ट ऐकली. पण अध्यक्ष माझ्याकडे बघत होते, आबासाहेब हात जोडून उभे होते, आणि मला वाटलं, आईच्या तोंडात घास असेल.

"मंत्रिमहोदयांच्या आश्वासनावर विश्वास ठेवून मी माझं विधेयक मागे घेते," मी म्हणाले.

सभागृहाची अनुमती आहे काय, असं अध्यक्षांनी विचारलं. आहे, असं शाली म्हणाल्या.

पुढचं कामकाज पुकारलं गेलं. मी आबासाहेबांच्या बाकापाशी गेले आणि विचारलं, सरकारचं विधेयक कधी येणार, तारीख सांगा. ते दुसरी फाइल वाचत होते. त्यांनी मान वर केली नाही. आवाजात राग नव्हता, उलट माया होती, तीच मला जास्त झोंबली.

"भिंतीच निघून गेल्या तर घरं कशावर उभी राहतील गं? एवढे टेकू सरकारनं आणायचे कुठून?"

"तुम्ही शब्द दिला होता."

"दिला होता ना. शब्दच दिला होता."

त्यांच्या फायलीवर पाच पांढरी बोटं उमटली होती. मी माझ्या बाकाकडे धावले. बाकं आता इतकी जवळजवळ आली होती की मला आडवं होऊन शिरावं लागलं. शाली बाजूला सरकल्या नाहीत. दार उघडलं.

स्वयंपाकघराची भिंत सपाट होती. वरपासून खालपर्यंत ताजा चुना मारला होता, तोच, माझ्या केसांत होता तो. अश्रूंचा ओघळ गेला होता. छप्पर एकदम भक्कम. आईच्या उशापाशी चकचकीत बिल्ला पडला होता आणि त्याची टाचणी वाकली होती. आणि जिथं अक्काचं तोंड होतं तिथं कुणीतरी खिळा ठोकून फोटो लावला होता. त्यात आबासाहेब मला शाल पांघरत होते आणि मी हसत होते.

फोटो ओढून मी मोरीत फेकला. खिळा मात्र निघेना. दोन्ही हातांनी ओढला, दातांनी ओढला, तोंडात चुना गेला. त्यांचं वाटोळं होवो, असं मी मोठ्यानं म्हणाले. सभागृहातून अध्यक्षांनी तो शब्द कामकाजातून काढून टाकल्याचं सांगितलं. "अक्का," मी भिंतीला तोंड लावून म्हटलं, "मला त्यांनी फसवलं गं." भिंत ओली आणि गार होती.

आई माझ्याकडे बघत होती. पेजेची वेळ टळून गेली होती. तिनं तोंड उघडलं, अक्कासमोर उघडायची तसं, आणि उघडंच ठेवलं. खाटेच्या दुसऱ्या बाजूला आता जागा उरली नव्हती, सभागृहाची बाकं तिथवर आली होती. म्हणून मी वाटी घेतली, भिंतीला पाठ टेकून उभी राहिले आणि पहिला चमचा तिच्या तोंडाजवळ नेला.

भिंतीच्या आतून ठोका आला. एकच.

मी थांबले. चमचा तसाच हवेत आहे. आई तोंड उघडून बघतेय. दारापलीकडे माझं नाव पुकारलं जातंय, पुढच्या आश्वासनासाठी बहुतेक. पुकारू दे. आता मी दुसऱ्या ठोक्याशिवाय हलणार नाही. डाव्या टाचेला मात्र गार लागतंय.