एकट्याचं 'आम्ही'

तुम्ही खोटं लिहिलंत. समितीच्या कागदावर, लाल शाईत, खाली सही ठोकून खोटं लिहिलंत. 'वक्त्याची मातृभाषा मराठी असल्याचे दिसत नाही. नमुना अशुद्ध. आठ दिवसांत सुधारून पाठवावा, अन्यथा प्रतीक्षायादीतील पुढील उमेदवाराचा विचार होईल.' त्या माणसाला तुम्ही पाहिलं नाहीत. त्याचं बोलणं वीस मिनिटं ऐकलंत, एकेचाळीस वेळा 'आम्ही'भोवती लाल गोल काढलेत, समासात 'मी' लिहिलंत आणि हात झटकलेत. ते गोल जिच्या पदरात पडले तिचं काय झालं, ते आता बसून ऐका.

तिचं नाव बकुळ सप्रे. वय वीस. बनारसमध्ये जन्मलेली, तिथल्याच विद्यापीठात इंग्रजी साहित्य आणि भाषाविज्ञान शिकणारी. चार वर्षांच्या त्या अभ्यासातलं तिसरं वर्ष परदेशात काढता येतं. सगळ्यांना नाही, वर्गातल्या एकाला. यंदा ते बकुळला मिळालं होतं. स्कॉटलंडमधल्या समुद्रकाठच्या एका गावातलं विद्यापीठ, जिथे मरू घातलेल्या बोली ऐकून लिहून ठेवणारी माणसं शिकवतात. दोन वर्षं ती पोरगी त्या एका वर्षासाठी पुस्तकांत मान घालून बसली होती. आता अट एकच उरली होती: घरच्या भाषेचा ध्वनिमुद्रित नमुना, त्याचं लिखित रूप, आणि त्यावर तुमच्या तज्ज्ञ समितीची मंजुरी. बकुळला वाटलं, हे तर सगळ्यात सोपं. घरात बाबा असताना बोलण्याला काय तोटा?

तिचे बाबा बिंदुमाधव सप्रे पंचगंगा घाटावर महाराष्ट्रातून येणाऱ्या यात्रेकरूंची पूजा सांगतात. त्यांच्या सात पिढ्या बनारसच्या. मराठी घरात, बाकी सगळी हिंदी. आणि बनारसचा माणूस स्वतःला 'मैं' म्हणत नाही, 'हम' म्हणतो. एकटा असला तरी 'हम जा रहे हैं'. ते 'हम' कधीतरी सप्र्यांच्या मराठीत शिरलं आणि 'आम्ही' होऊन बसलं. बाबा एकटेच जेवले तरी 'आम्ही जेवलो'. बाबांना एकट्यालाच ताप आला तरी 'आम्हाला बुखार आहे'. बकुळही लहानपणी असंच बोलायची. अकोल्याच्या मावसभावंडांनी एका सुट्टीत 'आल्या महाराणी' म्हणून इतकं छळलं, की तिने ते टाकून दिलं. बाबांना मात्र कुणी छळलं नव्हतं. ते काम तुम्ही केलंत.

कागद घेऊन बकुळ निवेदिता मॅडमकडे गेली. मॅडम तिच्या मार्गदर्शक, स्वतः लखनौच्या. त्यांनी लाल गोल पाहिले आणि कपाळाला हात लावला.

"ये तो दिलचस्प चीज़ है, ग़लती थोड़े ही है," त्या म्हणाल्या. मग जरा थांबून, "लेकिन बेटा, झगड़ा लौटकर कर लेना. पापा से दोबारा बुलवा लो. घंटे भर का काम है."

तासाभराचं काम. बकुळलाही तसंच वाटलं. घरी येऊन तिने सगळं सांगितलं. फक्त 'अशुद्ध' हा शब्द गाळला.

बाबांनी कागद मागितलाच. चष्मा लावून ते बराच वेळ वाचत राहिले.

"एकेचाळीस," ते म्हणाले. "मोजून काढलेत. मेहनती माणूस आहे."

"बाबा, राग नाही आला?"

"राग कशाचा? परीक्षेत गलती निघाली तर सुधारायची. आम्ही सुधारतो. किती दिवस आहेत?"

"आठ. आणि 'मी सुधारतो'."

"तेच. मी." त्यांनी तो शब्द गरम चहासारखा जिभेवर फिरवला. "मी, मी. बकरी पण हेच बोलते, बकुळ."

दुसऱ्या दिवसापासून अठ्ठावन्न वर्षांचा माणूस आपली जीभ वळवायला बसला. आंघोळ करताना 'मी', पंचगंगेच्या उभ्या पायऱ्या उतरताना 'मी', विष्णु नावाड्याच्या नावेत बसून 'मी'. विष्णुने विचारलं, "पंडितजी, कौनो नवा मंत्र है का?" बाबा म्हणाले, "हाँ, विलायत का." परभणीकडचं एक कुटुंब पूजा ठरवायला आलं, तर बाबा त्यांना म्हणाले, "उद्या सातला आम्ही... मी... म्हणजे आम्ही, मी येतो." त्या घरातल्या म्हाताऱ्या बाईंनी काळजीने विचारलं, "गुरुजी, नक्की किती जण येणार?"

घरी हे सांगताना बाबा हसले. बकुळ नाही हसली. मागच्या तीन दिवसांत बाबा कमी बोलत होते, हे तिच्या ध्यानात आलं होतं. जेवताना मीठ हवं असलं तरी बोट दाखवायचे. 'मला मीठ दे' म्हणायला आधी मनात वाक्य जुळवावं लागत होतं, त्यापेक्षा बोट बरं.

"संकल्प सांगताना रोज 'अहं करिष्ये' म्हणता ना?" तिने एकदा विचारलं. "तसंच समजा."

"ते देवासमोर," बाबा म्हणाले. "देवासमोर माणूस एकटाच असतो. माणसांसमोर कशाला एकटं व्हायचं?"

पाचव्या दिवशी दुपारी त्यांनी पुन्हा ध्वनिमुद्रण करायचं ठरवलं. आई बँकेतून लवकर आली होती. आई म्हणजे लतिका, माहेर अकोल्याचं. पंचवीस वर्षांत नवऱ्याचं मराठी सुधारण्याचे तिने शेकड्यांनी प्रयत्न केले होते, त्यामुळे परीक्षक म्हणून तीच बसली. गोष्ट तीच सांगायची होती जी पहिल्या नमुन्यात होती, म्हणजे लिखित रूप फारसं बदलावं लागणार नाही. गोष्ट नांदेडकडच्या यात्रेकरूंची होती, खरीखुरी घडलेली, आणि बाबांनी ती घरात पन्नास वेळा तरी सांगितलेली.

पंखा बंद केला. बकुळने फोन मधे ठेवला. बाबांनी सुरुवात केली, एकेका शब्दावर पाय टेकत, निसरड्या पायरीवरून उतरावं तसं.

"एकदा नांदेडकडचे यजमान आले. गंगापूजन झालं. ते म्हणाले, गुरुजी, उद्या धर्मशाळेत जेवायला या. मी म्हणालो, ठीक आहे, मी येतो. दुसऱ्या दिवशी मी गेलो. बघतो तर पाच पानं मांडलेली. पुरणपोळ्यांचा ढीग. यजमान म्हणाले, बाकीचे गुरुजी कुठे आहेत? मी म्हणालो..."

बाबा थांबले.

"मी म्हणालो, बाकीचे कोण, मी तर..." पुन्हा थांबले. चष्मा काढला. "बकुळ, हे लोक पाच पानं कशाला मांडतील?"

"म्हणजे?"

"आम्ही जर बोललो की 'मी येतो', तर एकच पान मांडतील न? ते काय पागल आहेत? पाच पानं मांडली, कारण आम्ही बोललो होतो 'आम्ही येतो'. तेच काढून टाकलं तर ही गोष्टच झाली नाही. कोणी आलं, जेवलं, गेलं. ह्याच्यात काय सांगायचं?"

बकुळने तुमचा कागद ओढून घेतला. तेविसाव्या क्रमांकाचा गोल. 'आम्ही येतो'भोवती तुम्ही लाल वेटोळं घातलं होतं आणि समासात लिहिलं होतं, 'मी येतो'. त्याच्या तीनच ओळी खाली पाच पानं होती, ती तुम्हाला दिसली नाहीत. गोष्ट सांगणारा काय सांगतोय हे तुम्ही ऐकलंच नव्हतंत. तुम्ही फक्त चुका वेचत होतात.

आईच्या तोंडातून हसू फुटलं. पदर लावून हसता हसता तिचे डोळे भरले.

"या 'आम्ही'पायी माझं लग्नच मोडलं असतं गं," ती म्हणाली.

"का?"

"बघायला आले तेव्हा आम्हाला दोघांना बोलायला पाच मिनिटं दिली होती. हे खाली मान घालून म्हणाले, 'आम्हाला तुम्ही पसंत आहात.' मला वाटलं, म्हणजे यांच्या आईला, काकांना, सगळ्यांना. मी म्हटलं, 'ते कळलं, पण तुम्हाला स्वतःला?' तर म्हणतात, 'तेच तर सांगतोय.' मी तीनदा विचारलं. तीनदा तेच."

"चार वेळा," बाबा म्हणाले. "चौथ्यांदा आम्हाला घाम आला."

"आणि चौथ्यांदा मला कळलं," आई म्हणाली. तिने फोन उचलून बकुळच्या हातात दिला. "बंद कर ते. पाच दिवस घरात कोणी परका वावरतोय असं झालंय. पंचवीस वर्षं मी यांना टोकलं, पण ते टोकणं माझं होतं. यांनी बदलावं म्हणून नव्हतं."

बाबांना मात्र हे पटलं नाही. ते बकुळजवळ सरकले.

"तू आईचं ऐकू नकोस. दुसरी गोष्ट सांगतो. घाटाची सांगतो, कपिलाधारेच्या यात्रेची सांगतो. 'मी' लावून सांगतो, एकही चूक होणार नाही. तुझं वर्ष गेलं नाही पाहिजे. आमच्या जिभेपायी तुझं वर्ष गेलं तर आम्ही..." त्या एका वाक्यात दोनदा शब्द चुकला होता आणि त्यांना ते कळलंही नव्हतं.

बकुळने त्यांच्याकडे पाहिलं. पाच दिवस हा माणूस तिच्यासाठी मुका झाला होता. आणखी तीन दिवस, आणखी महिना, म्हणाली असती तर जन्मभर झाला असता. तीही एकदा अशीच गप्प झाली होती, अकोल्यात, नऊ वर्षांची असताना. तेव्हा तिला वाटलं होतं की आपण शहाणे झालो.

"बाबा, तिकडे काय शिकायला जायचंय मला?"

"भाषा."

"कुणाच्या?"

बाबांनी चष्मा पुसायला घेतला.

"तुमची जीभ इथे घाटावर बुडवून मी तिकडे जाऊन दुसऱ्या म्हाताऱ्यांच्या बोली लिहून घेणार? त्यांना काय तोंड दाखवू?"

"वर्ष गेलं तर?"

"गेलं तर जाऊ दे. भीती वाटतेय मला, नाही असं नाही. पण नमुना तोच जाईल. पहिला."

संध्याकाळी तिने पहिला नमुना जसाच्या तसा जोडला, एक काना-मात्रा न बदलता. सोबतचं पत्र आधी इंग्रजीत लिहायला घेतलं. चांगलं जमत होतं. मग खोडलं, आणि तुम्हाला वाचता येईल अशा मराठीत लिहिलं. बाबा शेजारी बसून सारखे सांगत होते, "महोदय लिही. कृपया लिही." एक 'महोदय' तिने लिहिला. 'कृपया' लिहिलं नाही. ते पत्र हे:

'महोदय, तेविसाव्या क्रमांकाची आपली दुरुस्ती स्वीकारली तर पाच पानं कशी मांडली गेली, हे समितीने समजावून सांगावं. नमुना बदललेला नाही. वक्ते श्री. बिंदुमाधव सप्रे यांना मराठीशिवाय दुसरी घरची भाषा नाही. त्यांच्या वडिलांना नव्हती, आजोबांना नव्हती. ते जे बोलतात ते बनारसच्या लोकांना हिंदी वाटत नाही आणि आपल्याला मराठी वाटत नाही. आपल्या अर्जात मातृभाषेचा रकाना आहे. तो रिकामा सोडला तर अर्ज पुढे सरकत नाही, मी करून पाहिलं. तेव्हा ही भाषा मराठी नसेल, तर त्या रकान्यात मी काय लिहू? मुदत संपायला तीन दिवस आहेत. त्याआधी, आपल्या नावानिशी, लेखी उत्तर द्या.'